पिवळ्या गाभ्यातले बिऱ्हाडकरू

(दृश्य: पावसाळी रात्र, भिंतीवरची ट्यूबलाइट)

पावसाळ्यात दिव्याभोवती किडे जमतात. त्यांतला हा एक, मुंगीसारखा, अंगावर काळे-नारिंगी पट्टे. मानेवर बसला म्हणून आपण झटकायला जातो, तो चिरडतो, आणि एक-दोन दिवसांत तिथे भाजल्यासारखा चट्टा उठतो. हे त्याच्या अंगातल्या पेडेरिन नावाच्या विषाचं काम.

हा किडा लक्षात असू द्या. आता समुद्रात उतरू.

(दृश्य: पाण्याखालचा खडक)

टोकियोच्या दक्षिणेला, सुमारे तीनशे किलोमीटरवर, हाचिजो बेट. इथल्या खडकाला चिकटलेला हा थिओनेला स्विनहोई. स्पंज. डोळे नाहीत, तोंड नाही, जागचा हलत नाही, तरी प्राणीच. अंगभर बारीक छिद्रं. आतल्या पेशी चाबकासारख्या शेपट्या हलवून पाणी ओढून घेतात आणि त्यातले सूक्ष्मजीव गाळून खातात.

सगळेच मात्र खाल्ले जात नाहीत. काही आत बिऱ्हाड करून राहतात. काही जातींच्या स्पंजांत तर एकूण वजनाचा तिसरा हिस्सा नुसत्या सूक्ष्मजीवांचा भरतो!

थिओनेलाचा हा काप पाहा. बाहेरून तांबूस, आत हळदीसारखा पिवळा. या पिवळ्या गाभ्यातला कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दिसतात लांबच लांब धागे, एकापुढे एक पेशी ओवलेले. हा एन्टोथिओनेला, एक जीवाणू.

याच स्पंजात रसायनशास्त्रज्ञांना ओनामाइड सापडलं होतं, कर्करोगाच्या पेशींना मारणारं. त्याची घडण पेडेरिनशी जुळत होती. कुठे दिव्यावरचा किडा, कुठे समुद्रतळाचा स्पंज! दोघांचं विष एकाच घराण्यातलं कसं?

२००२ साली संशोधक यॉर्न पील यांनी दाखवलं, की पेडेरिन किडा बनवतच नाही. ते त्याच्या अंगातले जीवाणू बनवतात. मग त्यांनी मोर्चा स्पंजाकडे वळवला. एन्टोथिओनेलाचे धागे वेगळे काढून त्यांची जनुकं वाचली गेली, आणि २०१४ मध्ये उत्तर मिळालं. ओनामाइडच काय, या पिवळ्या थिओनेलातली जवळजवळ सगळी औषधी गुणांची रसायनं या बिऱ्हाडकरूंचीच निघाली. इतकी वर्षं श्रेय घरमालकाच्या नावावर जमा होत होतं.

स्पंजाला पळता येत नाही. खायला येणाऱ्यांना ही रसायनंच लांब ठेवत असावीत.

(दृश्य: प्रयोगशाळेतली रिकामी काचेची बशी)

या बशीत मात्र एन्टोथिओनेला रुजत नाही. त्याला गाठायचं, तर खडकावरच्या त्या पिवळ्या गाभ्यापर्यंतच जावं लागतं.