किडनीतली गाठ, रोबोट आणि पुढची पाच-दहा वर्षं

श्रोतेहो, नमस्कार.

पित्ताशयात खडा आहे का ते बघायला म्हणून सोनोग्राफी होते आणि रिपोर्टमध्ये ध्यानीमनी नसलेली एक ओळ येते: उजव्या किडनीत तीन सेंटिमीटरची गाठ. लघवीतून रक्त गेलेलं नसतं, कमरेत दुखत नसतं. हल्ली किडनीच्या कर्करोगाच्या बऱ्याच गाठी अशाच सापडतात. मग सीटी स्कॅन होतो आणि डॉक्टर सांगतात, सगळी किडनी काढायची गरज नाही, गाठीपुरता भाग काढू, रोबोटनं करू. त्यावर घरच्यांचा हमखास येणारा प्रश्न असतो, 'रोबोटनं केलं म्हणजे कॅन्सर पुन्हा होणार नाही ना?'

मी या शस्त्रक्रिया करतो, आणि याचं उत्तर मी सरळ देतो. कॅन्सर परत येणार की नाही, हे रोबोट ठरवत नाही. ते गाठीचा आकार ठरवतो, तिची जात आणि ग्रेड (कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात त्याची पायरी) ठरवते, ती पूर्ण निघाली की नाही यावर ते ठरतं. रोबोटचं काम आहे किडनीचा चांगला भाग वाचवणं आणि माणसाला लवकर उभं करणं.

रोबोट स्वतःहून काहीही करत नाही. सर्जन त्याच खोलीत जरा बाजूला बसून त्याचे हात चालवतो. किडनीभोवतीची चरबी बाजूला करतात, पण गाठीवरची चरबी मुद्दाम तशीच ठेवतात, कारण तीही तपासणीला पाठवायची असते. किडनीवर सोनोग्राफीचा छोटा प्रोब टेकवून गाठीची कड कुठे संपते ते पाहतात आणि तिथे खूण करतात. मग किडनीच्या मुख्य रोहिणीला चिमटा लागतो, आणि त्या क्षणापासून कोणीतरी मोठ्यानं मिनिटं मोजायला लागतं. रक्त बंद असताना किडनी उपाशी असते, म्हणून साधारण पंचवीस मिनिटांच्या आत चिमटा निघावा अशी धडपड असते. तेवढ्या वेळात निरोगी भागाची पातळ कड राखून गाठ कापायची, तळाच्या रक्तवाहिन्या शिवायच्या, लघवीचा मार्ग उघडला असेल तर तोही शिवायचा. लांब सरळ दुर्बीण-उपकरणांनी हे टाके घालणं फार अवघड जायचं. मनगटासारखी वळणारी रोबोटची उपकरणं इथे खरी उपयोगी पडतात.

किडनीचा फक्त भाग काढून कॅन्सर मागे राहणार नाही कशावरून, ही शंका सर्जनांनाही होती. १९६९ मध्ये रॉब्सन यांनी अख्खी किडनी भोवतालच्या चरबीसकट काढण्याची पद्धत मांडली आणि पुढे अनेक वर्षं तीच प्रमाण मानली गेली. मग युरोपात १९९२ पासून एक मोठा अभ्यास झाला. पाच सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेले ५४१ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट: एकात पूर्ण किडनी काढली, दुसऱ्यात फक्त भाग. निकाल २०११ मध्ये छापून आला. तोवर दोन्ही गटांत मिळून ११७ जण दगावले होते, पण त्यांतले किडनीच्या कॅन्सरनं गेलेले फक्त १२. त्या शस्त्रक्रिया पोट उघडून केलेल्या होत्या. रोबोटनं भाग काढल्याचे पहिले अहवाल २००४ मध्ये आले. आज चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत, योग्य शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत या कॅन्सरनं दगावणारे शंभरात पाचाहूनही कमी असतात. शस्त्रक्रिया उघडून केली, दुर्बिणीनं केली की रोबोटनं, या आकड्यात फारसा फरक दिसत नाही. रक्तस्राव आणि दवाखान्यातले दिवस मात्र रोबोटनं कमी होतात.

इथे मला एक सावधगिरी सांगायलाच हवी. रोबोटचे बरेच आकडे रुग्णालयांच्या जुन्या नोंदींवरून काढलेले आहेत, आणि सोप्या गाठी रोबोटकडे, अवघड गाठी उघड्या शस्त्रक्रियेकडे गेल्या असण्याची शक्यता त्यात राहते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर २०१८ मध्ये दुर्बीण आणि रोबोटच्या गटाचे निकाल उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा वाईट आले. त्यानंतर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं कॅन्सरसाठी रोबोट वापरण्याबाबत सावधानतेची सूचना काढली. किडनीच्या बाबतीत असं काही समोर आलेलं नाही. तरी यंत्र कोणतं, यापेक्षा हात कोणाचा, हे आपण विचारावं. 'डॉक्टर, अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः केल्यात? मध्येच अख्खी किडनी काढायची वेळ आली तर?' असे प्रश्न विचारले म्हणून चांगला सर्जन रागावत नाही.

शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरात पॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा, रिपोर्ट येतो. छोट्या गाठींपैकी साधारण पाचातली एक कॅन्सरची निघतच नाही. कॅन्सर असेल तर रिपोर्टमध्ये मार्जिनची ओळ शोधा. ते निगेटिव्ह असेल तर कापलेल्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत. शंभरातल्या थोड्या जणांत ते पॉझिटिव्ह येतं आणि घरात रडारड सुरू होते. पण त्यातल्या बहुतेकांत गाठ परत येत नाही, आणि लगेच दुसरी शस्त्रक्रियाही सहसा करावी लागत नाही. तपासण्या मात्र जास्त बारकाईनं कराव्या लागतात. ग्रेड तीन किंवा चार असेल तर माझी काळजी मार्जिनपेक्षा त्यानं जास्त वाढते.

सगळ्यात जास्त गळती होते ती पुढच्या तपासण्यांत. टाके भरले, माणूस शेतावर किंवा कामावर जायला लागला, की स्कॅन राहून जातो. हा कॅन्सर पाच वर्षांनंतरही फुफ्फुसात, हाडात किंवा दुसऱ्या किडनीत डोकं वर काढू शकतो. पहिली तपासणी तीन ते सहा महिन्यांत, पुढे गाठीच्या जोखमीप्रमाणे दर सहा महिन्यांनी किंवा वर्षानं. त्यात पोटाचा स्कॅन, छातीची तपासणी, किडनी किती काम करते ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन आणि रक्तदाब एवढं तरी असतंच. पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट आणि पहिल्या सीटीची सीडी एका फाइलमध्ये ठेवा, आणि गाव किंवा डॉक्टर बदलले तरी ती फाइल बरोबर न्या. नव्या स्कॅनमध्ये शस्त्रक्रियेच्या जागी काही दिसलं, तर तो जुना व्रण आहे की नवी गाठ, हे जुन्या सीडीशी ताडून पाहिल्यावरच डॉक्टरांना सांगता येतं.