साडेसहा ते साडेआठ

नमस्कार मंडळी. दुपारची भांडी घासून झाली असतील, कुणी दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत असेल, कुणी रिक्षा सावलीला लावून दोन घास खात असेल. पंधरा मिनिटं माझ्यासाठी काढा, आमच्या कॉलेजच्या बातम्या आहेत.

आमचं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे नोकरी-घर सांभाळून हाताचं काम शिकवणारं कॉलेज, ठाण्यात, वागळे इस्टेटच्या कडेला आहे. किसननगरच्या शेअर रिक्षातून उतरलात की पाच मिनिटं चालत, दुसरा मजला. अठरा वर्षं पूर्ण झालेली असली की त्यापुढे वयाची अट नाही. वर्ग भरतात संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. ही वेळ आम्ही उगीच निवडलेली नाही. पहिली पाळी सुटलेली असते, धुण्याभांड्याची संध्याकाळची कामं उरकलेली असतात आणि साडेआठला सुटलं की दिघा, ऐरोलीकडची गाडी मिळते. पुण्यात १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी शेतकरी आणि मजुरांसाठी शाळा काढली, ती रात्रीची काढली. दिवसभर राबणारा माणूस दिवसा वर्गात बसू शकत नाही, हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं. मुंबईत वरळीला १९६७ साली श्रमिक विद्यापीठ सुरू झालं, तेही कामगारांसाठीच. कम्युनिटी कॉलेज हे नाव अमेरिकेतलं. तिथे जॉलिएट गावात १९०१ साली असं पहिलं कॉलेज निघालं, आणि आपल्या देशात पुदुच्चेरीत १९९५ साली. पण आमच्या वर्गात बसणाऱ्यांना मी फुल्यांच्या रात्रशाळेचीच गोष्ट सांगते.

पहिली बातमी वायरमनच्या बॅचची. सहा महिने पूर्ण करून ही मंडळी गेल्या महिन्यात बाहेर पडली. शेवटचं काम म्हणून सरांनी त्यांना सांगितलं होतं, स्वतःच्या घरचा बोर्ड तपासून या. आमच्या बॅचमध्ये एक दादा आहेत, रात्रीची सिक्युरिटीची ड्युटी करतात, वय पन्नाशीकडे झुकलेलं. त्यांनी घरचा बोर्ड उघडला तर अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी, हिरवी वायर भिंतीतून बोर्डापर्यंत आलेली होती, पण टेप गुंडाळून तशीच सोडून दिलेली. अकरा वर्षं त्या घरात फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटार सगळं तसंच चाललं. दादा वर्गात हे सांगताना मध्येच थांबले. त्यांची नात रोज त्या फ्रिजचं दार उघडते.

तीन पिनांच्या प्लगमधली एक पिन जाड आणि लांब असते, ती का, हे मी त्या बॅचमुळे शिकले. ती अर्थिंगची पिन. लांब एवढ्यासाठी की प्लग आत जाताना ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी. घरात दोन पिनांचं सॉकेट आहे म्हणून कुणी ती पिन मोडून टाकत असेल तर कृपा करून थांबा.

याच विषयावर आम्ही ४ मार्चला संध्याकाळी प्रात्यक्षिक ठेवलं आहे. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना १९६६ साली याच तारखेला झाली आणि १९७२ पासून हा दिवस पाळला जातो. कारखान्यांमध्ये फलक लागतात, शपथ होते. आम्हाला तो दिवस चाळीपर्यंत आणि सोसायटीपर्यंत आणायचा आहे.

काय दाखवणार ते थोडक्यात सांगते. आपल्याकडे समज असा की मीटरजवळ एमसीबी बसवला म्हणजे शॉकपासून सुटका झाली. एमसीबी वायर वाचवतो. लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की तो पडतो. त्याच्यावर सहा, दहा, सोळा असे आकडे असतात, ते अँपिअरचे. माणसाच्या जिवाला धोका व्हायला एका अँपिअरच्या हजार भागांतले काही मोजके भाग पुरतात. एमसीबीला एवढ्याशा करंटचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं, आरसीसीबी. जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. ते फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांचा जमाखर्च मांडत बसलेलं असतं. गेला तेवढा परत आला नाही, म्हणजे मध्ये कुठेतरी गळतोय, कदाचित एखाद्याच्या अंगातून. घरगुती आरसीसीबीवर तीस मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. म्हणजे एवढी गळती झाली की त्याने क्षणात वीज तोडलीच पाहिजे. त्याच्यावर टी अक्षराचं छोटं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर वीज गेली तर यंत्र जिवंत आहे. नाही गेली तर लगेच वायरमनला बोलवायचं. गिझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटार, ओला हात, पावसाळ्यात पाझरणारी भिंत, हे सगळं आपल्याच घरात असतं. गणपतीच्या मंडपात वायरिंग करणाऱ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांनी तर जरूर यावं. गणपतीला अवकाश आहे, शिकायला हीच वेळ बरी.

त्याआधी २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या संध्याकाळी आमचे विद्यार्थी आपापल्या कामाचे शब्द घेऊन उभे राहणार आहेत. आयटीआयच्या अभ्यासक्रमांच्या मराठी नावांत वेल्डरला संधाता म्हणतात, फिटरला जोडारी, टर्नरला कातारी, इलेक्ट्रिशियनला वीजतंत्री आणि वायरमनला तारतंत्री. कामावर हे शब्द कुणी वापरत नाही हे मला ठाऊक आहे. तरी संधाता हा शब्द मला फार आवडतो. दोन तुकडे सांधणारा तो संधाता. आमचा एक वेल्डर मुलगा म्हणाला, मॅडम, आजपर्यंत मला एवढ्या मानाने कुणी हाक मारली नव्हती. त्या दिवशी तो स्वतःच्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलणार आहे. ऐकायला या.

८ मार्चला महिला दिन. रुग्णसेवेच्या बॅचच्या मुली त्या दिवशी पुतळ्यावर सीपीआर, म्हणजे छाती दाबून जीव वाचवायचा उपाय, शिकवतील. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर आधी १०८ ला फोन लावायचा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागायचं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मोठ्या माणसाला पाच ते सहा सेंटिमीटर खोल. ऐकताना सोपं वाटतं. पुतळ्यावर दोन मिनिटं करून बघा, खांदे भरून येतात. म्हणूनच हाताला सवय पाहिजे. याच मुलींना अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी कशी बदलायची, अंग चादरीवर न घासता त्याला कसं सरकवायचं, हेही येतं. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी त्या दिवशी त्यांना गाठून विचारावं, त्या आनंदाने दाखवतील.

नव्या बॅचेस पाडव्यानंतर सुरू होतील. वायरमन, रुग्णसेवा आणि एसी दुरुस्ती. एसीच्या बॅचबद्दल दोन शब्द. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. इथे लेथ चालत, प्रेस चालत. आज त्यातल्या बऱ्याच जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात डेटा सेंटर, म्हणजे माहिती साठवणाऱ्या संगणकांच्या इमारती, आली आहेत. तिथली यंत्रं चोवीस तास थंड ठेवावी लागतात. हात काळे करणारं काम संपलं असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. कामाची जागा बदलली आणि त्यातलं शिक्षणही बदललं. आर-बावीस हा जुना गॅस मागे पडला, घरगुती एसीत आता आर-बत्तीस जास्त येतो आणि तो थोडा पेट घेणारा आहे. उस्तादाच्या हाताखाली पंधरा वर्षं शिकलेल्या मिस्त्रीनेसुद्धा हा गॅस भरण्याआधी चार गोष्टी नव्याने शिकायला हव्यात. अशा अनुभवी मिस्त्रींनी वर्गात बसायला संकोच करू नये. त्यांच्या हातात जे आहे ते आमच्या मुलांनाही हवंच आहे.

आता क्रेडिटबद्दल, म्हणजे शिकलेल्या तासांच्या जमा होणाऱ्या गुणांबद्दल, कारण फोनवर सगळ्यांत जास्त हेच विचारतात. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात तीस तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट धरतात. आमची एक संध्याकाळ दोन तासांची. म्हणजे पंधरा संध्याकाळी भरल्या की एक क्रेडिट. मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाचं क्रेडिट तुमच्या नावावर ऑनलाइन जमा राहतं आणि पुढे शिकायचं झालं तर कामी येतं. कोणत्या बॅचला ही मान्यता आहे ते प्रवेश घेण्याआधी आम्हाला स्पष्ट विचारा, आम्ही स्पष्ट सांगू.

पंधरा संध्याकाळी. मी हा आकडा मुद्दाम पुन्हा उच्चारते आहे, कारण आमचे विद्यार्थी गळतात ते बहुतेक तिसऱ्या आठवड्यात. अभ्यास जड गेला म्हणून फारसं कुणी जात नाही. पहिले दोन आठवडे घरात कौतुक असतं. तिसऱ्या आठवड्यात पाहुणे येतात, कुणाला ताप येतो, सुपरवायझर सहा वाजता म्हणतो, आज जरा थांब.

मी नववीत शाळा सोडली. वडिलांचा कारखाना बंद पडला आणि मी औषधांच्या पॅकिंगला लागले. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले. गणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता सुट्टी मागितली, ती मिळाली नाही. माल जायचा होता. रात्री दहाला घरी पोचले आणि दुसऱ्या दिवशी पेपरात समीकरणं समोर असूनही सुचेनात. ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षी सुटले. त्या सुपरवायझरबद्दल मनात राग नाही, पण त्या संध्याकाळचे दोन तास मला मिळायला हवे होते, असं आजही वाटतं.

म्हणून आज मला विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या घरच्यांशी बोलायचं आहे. तुमच्या घरातली बाई, सून, मुलगी, तुमचा नवरा, तुमचा मुलगा आमच्याकडे येत असेल, तर साडेसहा ते साडेआठ या वेळात त्यांना फोन करू नका. कुकर दुसऱ्या कुणीतरी लावा. मागच्या वर्षी एक ताई यायच्या बंद झाल्या. आठवड्याने पुन्हा आल्या तेव्हा सोबत आठवीतला मुलगा होता. तो मला म्हणाला, मॅडम, भात मी लावतो आता, पाणी किती घालायचं ते आईने दाखवलंय, तुम्ही तिला घ्या परत. ताई आज एका रुग्णालयात कामाला आहेत. आणि वर्कशॉपच्या मालकांना, मुकादमांना, सोसायटीच्या कमिटीला माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडचा माणूस शिकत असेल तर आठवड्यातले ते पाच दिवस त्याला सहाला सोडा. हवं तर सकाळी अर्धा तास लवकर बोलवा.

शेवटची बातमी कागदपत्रांची. येत्या शनिवारी सकाळी दहा ते चार आम्ही कॉलेजमध्ये फक्त याच कामाला बसणार आहोत. प्रवेशाच्या वेळी सगळ्यांत जास्त बायका इथे अडतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. कित्येकींचं तर लग्नात पाळण्यातलं नावही बदललेलं. दाखल्यावर मंदा आणि आधारवर मनीषा. ही एकच बाई आहे हे कागदाला कसं कळणार? फक्त आडनाव बदललं असेल तर बहुतेक ठिकाणी विवाह नोंदणीचा दाखला पुरतो. नोंदणी केलेली नसेल तर ती महापालिकेच्या प्रभाग समितीत आजही करता येते, लग्नाला वीस वर्षं झाली असली तरी. नावच बदललं असेल तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. तो अर्ज ऑनलाइन भरतात आणि तो भरायला आमची मुलं तुमच्याशेजारी बसतील. कुणी बाहेर दलालाकडे पैसे मोजू नका.

आणखी एक. दाखला हरवला म्हणून परत जाणारे खूप असतात. पुरात गेला, घर बदलताना गेला, वाळवीने खाल्ला. अहो, दाखला हरवला तरी तुमची नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असते. शाळा गावाला असेल, साताऱ्याला, रत्नागिरीला, बीडला, तरी शाळेच्या नावाने अर्ज लिहून दुसरी प्रत मागता येते. शाळा बंद झाली असेल तर तिथल्या शिक्षण विभागाकडे चौकशी करायची. हे अर्ज आम्ही शनिवारी तिथेच लिहून देऊ.

तर शनिवारी येताना आधार आणा, दोन फोटो आणा, लग्नाची पत्रिका सापडली तर तीही आणा. आणि दाखला नसेलच, तर शाळेचं नाव, गाव आणि शाळा सोडल्याचं साल, एवढं आठवून या.