झिंकची गोळी : जुलाब थांबले तरी १४ दिवस

नमस्कार मंडळी. पावसाळा लागला, पंचगंगेचं पाणी गढूळलं, की आपल्या कोल्हापुरात लहान पोरांचे जुलाब-उलट्या सुरू. डॉक्टर ओआरएसची पाकिटं देतात, सोबत गोळ्यांची एक पट्टी देतात. ओआरएस पोटात जातं. पट्टी तिसऱ्या दिवशी औषधांच्या डब्यात जाऊन पडते, कारण पोरगं खेळायला लागलेलं असतं! आज त्या पट्टीबद्दल.

(पट्टी कॅमेऱ्याजवळ) मागची बारीक अक्षरं वाचा. झिंक सल्फेट मोनोहायड्रेट, म्हणजे जस्ताचा क्षार. आणि पुढं : एलिमेंटल झिंक २० मिलिग्रॅम. बघायचा आकडा हाच. क्षारात जस्ताबरोबर बाकीचंही वजन असतं. २० मिलिग्रॅम जस्त हवं तर हा क्षार साधारण ५५ मिलिग्रॅम लागतो, आणि झिंक ग्लुकोनेट घेतलं तर १४०च्या आसपास. त्यामुळं डबीवर मोठा आकडा दिसला म्हणून औषध जास्त ताकदीचं, असं काही नसतं.

आता पोरांना ही गोळी कशाला? जुलाबावाटे शरीरातलं जस्त निघून जातं, आणि जस्ताचा मोठा राखीव साठा शरीर ठेवत नाही. नेमकं त्याच वेळी आतड्याचं अस्तर नव्यानं भरायचं असतं, त्याला जस्त लागतं. पूर्ण कोर्स झाला तर हा आजार लवकर आवरतो, आणि पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा होण्याची शक्यताही कमी होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ साली हे ओआरएसच्या जोडीला सुचवलं. आपल्याकडं सरकारी कार्यक्रमात १४ दिवस देतात. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, म्हणजे अर्धी गोळी. आशाताईंकडं मोफत मिळते.

द्यायची कशी, बघा. (चमचा पुढं) चमच्यात गोळी, वर उकळून गार केलेलं पाणी. तान्ह्या बाळाला आईचंच दूध. कुटायचं नाही, बघता बघता ती आपोआप विरते. खाली गाळ राहिला तर परत थोडं पाणी घालून तोही पाजायचा. चव जरा धातूसारखी लागते, पोरगं तोंड वेडंवाकडं करणार. करू दे.

माणसाला जस्त कमी पडू शकतं, हे ओळखणारे आपल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद. १९६१ साली त्यांनी इराणमधल्या खुज्या राहिलेल्या तरुणांबद्दल लिहिलं. ते लोक मुख्यतः रोटीवर जगायचे. धान्याच्या कोंड्यातलं फायटेट जस्ताला धरून ठेवतं, पोटात शोषू देत नाही. कडधान्याला मोड आले की फायटेट कमी होतं. म्हणजे मिसळीतल्या मटकीचं कौतुक करायला आणखी एक कारण! मटणातलं जस्त तर सहज लागू होतं. पण म्हणून रोज तांबडा-पांढरा, असं मी म्हणत नाहीये.

आता मोठ्यांचं. कोरोनात झिंक खायची सवय लागली, ती काहींची सुटलीच नाही. केस गळतात, घे झिंक. थकवा आला, घे झिंक. कमतरता असेल तर उपयोग आहे, नसेल तर पैसे वाया. मोठ्या माणसानं आहार धरून दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर स्वतःच्या मनानं जायचं नाही. उपाशीपोटी घेतलं तर मळमळतं, ते वेगळंच. खरी गोम अशी, की जास्त जस्त आतड्यात तांब्याला अडवतं. विल्सन्स डिसीजमध्ये यकृतात, मेंदूत तांबं साठतं, तिथं झिंक ॲसिटेट याच गुणासाठी देतात. निरोगी माणसानं महिनोन् महिने भरमसाट घेतलं तर तांबं कमी पडून रक्त घटतं, हातपाय बधिर होतात. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन अशी अँटिबायोटिक्स चालू असतील तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर जस्त त्या औषधालाही अडवतं.

आणि शेतकरी मित्रांनो, उसाला टाकायचं झिंक सल्फेट घरात असेल. नाव तेच, पण ते खत आहे. त्यात शिसं, कॅडमियमचा अंश असू शकतो. पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

जुलाबात पोरगं सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, शीमध्ये रक्त दिसलं किंवा पाणीसुद्धा पोटात टिकेना, तर गोळीची वाट बघत बसायचं नाही. ओआरएस पाजत थेट आपलं सीपीआर सरकारी रुग्णालय नाहीतर जवळचा दवाखाना गाठा.