तीन राजवाडे आणि वर दोन मजले

श्रोतेहो, नमस्कार. आपण इंदूरकर उंची मोजतो ती राजवाड्याने. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, हे येथे लहान मुलालाही पाठ असते. आज मात्र मी मुंबईतील नरीमन पॉइंटच्या एअर इंडिया इमारतीविषयी बोलणार आहे. समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर, जॉन बर्गी या अमेरिकी वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार, १९७४ साली ती पुरी झाली.

१९८२ च्या दिवाळीनंतर आम्ही काकांकडे गेलो होतो. मरीन ड्राइव्हच्या गर्दीत शिरण्यापूर्वीच काकांनी आजीला बजावले, "आई, चुकामूक झाली तर एअर इंडियासमोरच्या कठड्यावर बसून राहा." आणि चुकामूक झालीच. चण्याची पुडी घ्यायला मी मागे राहिलो, काका मला शोधायला वळले आणि तेवढ्यात आजी दिसेनाशी झाली. तासाभराने आम्ही कठड्यापाशी पोहोचलो, तेव्हा नऊवारीचा पदर डोक्यावर घट्ट धरून, समुद्राकडे पाठ आणि मान वर करून ती बसली होती. तिचे ओठ हलत होते. घाबरून जप करीत असावी, असे आम्हांला वाटले. ती मजले मोजत होती. तेराव्या-चौदाव्या मजल्याशी नजर घसरली, की पुन्हा खालून पहिला. आम्हांला पाहताच म्हणाली, "अरे, आपले तीन राजवाडे एकावर एक ठेवले, तरी वर दोन मजले उरतात!" तीन साते एकवीस, आणि दोन, २३ मजल्यांचा तिचा हिशेब चोख होता.

आजीला मजले मोजता आले, कारण राजवाड्यासमोर जसा चौक आणि बगीचा, तसा त्या इमारतीसमोर रस्ता आणि पलीकडे समुद्र आहे. समोर मोकळी जागा हवी, हे मी पुन्हा सांगतो. आपल्या इंदुरातल्या विजयनगरकडच्या कित्येक नव्या उंच इमारती नजरेत मावतील इतके मागे सरायलाच जागा नाही, याचे मला फार वाईट वाटते.

१९८४ च्या आगीतून राजवाड्याचा दर्शनी भाग वाचला. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटात माणसे दगावली, परंतु एअर इंडियाची इमारत उभी राहिली. २०१३ साली कंपनीचे मुख्यालय दिल्लीला गेले आणि २०२४ साली ती इमारत १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र शासनाला देण्यास केंद्राने संमती दिली. परवा चुलतभाऊ फोनवर सांगत होता, की त्याच्या मुलीला मैत्रिणींनी भेटायला बोलावले आहे, आणि ठिकाण ठरले आहे एअर इंडियासमोरचा कठडा.