साडेसातची जपमाळ
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: अंधार. सोनचाफ्याचं झाड. बॅटरीचा उजेड फांद्यांवरून फिरतो.]

पहाटेचे साडेचार. वसईच्या पश्चिमेला, समुद्र आणि रेल्वे यांच्यामधल्या हिरव्या पट्ट्यातली ही वाडी. झाडाखाली उभ्या असलेल्या बाईंना सगळी आळी मावशी म्हणते, आपणही मावशीच म्हणू. हातात बांबू, बांबूच्या टोकाला आकडी. फांदी हळूच खाली ओढायची आणि फूल उमलायच्या बेतात असतानाच देठासकट खुडायचं. पुरतं उमललेलं फूल दादरला पोचेस्तोवर मान टाकतं.

मावशी काहीतरी पुटपुटतायत. कान देऊन ऐका.

[आवाज: "नमो मारिया, कृपापूर्णे..."]

फुलं मोजण्यासाठी नाही हं हे. टोपली भरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात जपमाळेची दोन दशकं, म्हणजे दहा-दहा 'नमो मारिया', होतात, एवढंच.

[दृश्य: अगदी जवळून, उजव्या हाताचं बोट.]

मण्यांची माळ फांदीत अडकते, म्हणून ही अंगठी. कडेला दहा बारीक उंचवटे आणि एक छोटा क्रूस. प्रत्येक 'नमो मारिया'ला अंगठ्याच्या नखानं एक उंचवटा पुढे. क्रुसाशी पोचलं की प्रभूची प्रार्थना, येशूनं शिकवलेली. हिच्यावरचा क्रूस आता जवळजवळ गुळगुळीत झालाय.

[दृश्य: विरारहून सुटलेली लोकल. टोपल्या. खिडकीबाहेर उजाडतंय.]

सहाच्या सुमाराला मावशी गाडीत असतात. गावात नेमकी त्याच वेळी घंटा होते.

[दृश्य: घंटेचा मनोरा. दोर. दोर ओढणारे दोन हात.]

ही घंटा मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची नव्हे; अँजेलस नावाच्या छोट्या प्रार्थनेची. तीन टोले, मग थांबायचं. पुन्हा तीन, पुन्हा थांबायचं. पुन्हा तीन. आणि मग सलग नऊ. गब्रिएल देवदूतानं मारियेला दिलेला निरोप आणि तिनं दिलेला होकार, तीन ओळींत आठवायचा. ओळींच्या मध्ये तेवढीच थांबायची जागा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. घराघरात घड्याळं नव्हती तेव्हा वाडीतल्या माणसाचा दिवस या तीन घंटांवर कापला जायचा. बाराची घंटा ऐकली की रहाटावरचा बैल सोडायचा. सहाची ऐकली की पाणी बंद करून हातपाय धुवायचे. आज बैल नाही, पंप आहे. घंटा मात्र तीच.

आता इथं थोडं आडवळण घेऊ. घंटेची गोष्ट वसईत सांगायची आणि किल्ल्यात जायचं नाही, असं होत नाही.

[दृश्य: वसईचा किल्ला. छप्पर उडालेली चर्चं. भिंतीतून उगवलेला वड.]

१५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढची दोनशे वर्षं त्यांच्याकडे राहिली. या तटाच्या आत एकापेक्षा एक मोठी चर्चं उभी राहिली, आणि प्रत्येकाला घंटा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीआप्पांनी किल्ला घेतला. त्या विजयाच्या खुणा म्हणून इथल्या घंटा देशावर गेल्या.

[दृश्य: मेणवली. कृष्णेचा घाट. टांगलेली मोठी घंटा.]

वाईजवळच्या मेणवलीची ही घंटा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट. घंटेवर साल बघा, १७०७. आणि त्याच धातूवर उठावात मारिया आणि तिच्या कडेवरचं बाळ. भीमाशंकरलाही एक आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली तर इतकी गाजली की 'नारोशंकराची घंटा' हा शब्दच मराठीत रुळला.

[दृश्य: घाटावर एक आजोबा नमस्कार करतात, घंटेला हात लावतात.]

या आजोबांना आम्ही काही विचारलं नाही. त्यांनी हात जोडले, घंटेला हात लावला आणि ते निघून गेले. प्रार्थनेला बोलावण्यासाठी ओतलेली घंटा, आजही प्रार्थनेच्याच जागी आहे.

किल्ल्यातली चर्चं ओस पडली, पण वाड्यांमधली माणसं कुठं गेली नाहीत. केळी, पानवेल, भाजी आणि प्रार्थना, चारही इथंच राहिलं. पुढे १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला विभाग, झाला.

[दृश्य: रविवारची मिस्सा. गायकवृंद, पेटी, तबला. लाल लुगड्यातल्या आज्या.]

ही मिस्सा मराठीत आहे. यात विशेष ते काय, असं वाटेल. पण १९६० च्या दशकातल्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये चालायची. समोर बसलेल्या या आज्यांनी लहानपणी तीच ऐकली, अर्थ न कळता. घरातली प्रार्थना मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या बोलीत होती. आणि मराठीशी ख्रिस्ती प्रार्थनेचं नातं तर त्याहून जुनं. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटानं, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूनं, गोव्यात बसून मराठी ओव्यांमध्ये येशूचं चरित्र रचलं, ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं. फुलांमध्ये जशी मोगरी तशी भाषांमध्ये मराठी, असं म्हणणारा तो हाच. वसईच्या फुलवाल्यांनी त्याला आपला मानायला हरकत नाही.

प्रभूच्या प्रार्थनेतली एक ओळ ऐका.

[आवाज: "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे."]

भाकर. मूळ ग्रीकमध्ये आहे तो पाव. मराठीत आला आणि भाकर झाला. आणि मागणं फक्त आजच्या भाकरीचं, उद्याच्या किंवा वर्षाच्या नाही. रोज बाजारभाव बदलणाऱ्या फुलांवर ज्यांचं घर चालतं, त्यांना ही ओळ कुणी समजावून सांगावी लागत नाही.

[दृश्य: संध्याकाळ. घराची ओटी. चपला. आतून दिव्याचा उजेड.]

येशूनं सांगितलं होतं, प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे. आम्ही कॅमेरा, दोन दिवे आणि माइक घेऊन त्या खोलीत शिरलो. घरच्यांनी चहाही दिला.

साडेसात. चटई अंथरली. टीव्ही बंद. वेदीवर मेणबत्ती, तिच्यासमोर सकाळी मागं ठेवलेली पाच चाफ्याची फुलं. आजी खुर्चीवर, कारण गुडघे ऐकत नाहीत. मावशी, त्यांचे यजमान, धाकटी मुलगी खाली. नातू दाराशी, हातात मोबाईल.

[आजी: "ठेव रे बाबा तो आता. येशूला फोन नाही लागत."]

ठेवला. पालथा ठेवला, पण ठेवला.

आज गुरुवार आहे आणि गुरुवारची एक गंमत आहे. जपमाळेत पाच दशकं, प्रत्येक दशकात दहा 'नमो मारिया' आणि प्रत्येक दशकाला येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग, त्याला रहस्य म्हणतात. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची मिळून पंधरा रहस्यं आजीला तोंडपाठ. पण २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं त्यात घातली, गुरुवारसाठी. आजी तोवर आजी झालेल्या होत्या. त्यामुळे दर गुरुवारी चष्मा लागतो, पुस्तिका लागते, आणि नातवाला मात्र काही लागत नाही. तो याच वीस रहस्यांत वाढला.

[नातू: "दुसरं रहस्य. काना गावचं लग्न."]

तो घाईत आहे, ऐकू येतंय. 'नमो मारिया'चा त्याचा अर्धा भाग झुपकन संपतो. मग आजी काय करतात बघा. उरलेला अर्धा त्या एकट्याच ओढून धरतात. 'हे पवित्र मारिये, देवाच्या माते...' इतकं सावकाश, की बाकीच्यांनाही थांबावं लागतं. चौथ्या-पाचव्या मण्याला नातवाचा वेग आपोआप उतरला. कुणी कुणाला काही बोललं नाही.

[दृश्य: स्वयंपाकघर. कुकर.]

चौथ्या रहस्यात कुकरची तिसरी शिट्टी. मावशी उठल्या, गॅस बंद केला. प्रतिसाद चुकला नाही, फक्त तेवढा आतून आला. आम्ही हे दृश्य संकलनात चार वेळा काढलं आणि चार वेळा परत घातलं.

[दृश्य: माळेवरची पाच जोडी बोटं.]

एका 'नमो मारिया'चा अर्धा भाग एकानं म्हणायचा, अर्धा इतरांनी. एक बोलतो तेव्हा दुसरा श्वास घेतो. इटलीतल्या पाविया इथल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना लॅटिन जपमाळ म्हणायला लावून श्वास मोजले. ते मिनिटाला सहाच्या आसपास आले, आणि हृदयाच्या ठोक्यांचा रक्तदाबाशी मेळ सुधारला. 'ओम मणि पद्मे हुम्' म्हणतानाही तसंच झालं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००१ साली हे छापून आलं. दुसऱ्यानं केलेल्या प्रार्थनेनं रोगी बरा होतो का, याचीही परीक्षा झाली आहे. २००६ मध्ये अमेरिकेत, बायपासच्या १,८०२ रुग्णांवर. फायदा दिसला नाही. आजींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, आपण थोडीच पैज लावायला बसतो.

[दृश्य: ऑक्टोबर. मारियेची मूर्ती घेऊन आळीतून निघालेली छोटी मिरवणूक. मेणबत्त्या.]

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. या महिन्यात मूर्ती आळीत घरोघरी फिरते, आज या घरी, उद्या शेजारच्या. ज्याच्या घरी मूर्ती, त्याच्या घरी सगळ्यांनी जपमाळेला जायचं. उरलेले अकरा महिने बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, सांडपाण्यावरून ज्यांचं बोलणं बंद असतं, त्यांनाही. इथं उजवीकडच्या दोघांकडे बघा. एकाच चटईवर बसलेत, मध्ये हातभर जागा. प्रार्थना संपल्यावर चणे वाटले गेले तेव्हा एकानं दुसऱ्यापुढे ताट सरकवलं. पुढे काय झालं ते त्यांचं त्यांना माहीत.

मरणाच्या घरीही हीच माणसं, हीच माळ घेऊन, रोज संध्याकाळी येतात. सांत्वनाला शब्द सुचत नाहीत तेव्हा पाठ असलेले शब्द कामाला येतात.

[दृश्य: गावातला क्रूस. झेंडूची माळ. खांद्यावर दप्तर घेतलेली मुलगी चालता चालता कपाळ, छाती, खांद्यांना हात लावते.]

तीन सेकंद. हीसुद्धा प्रार्थनाच. परीक्षा होती, मराठीचा पेपर.

[दृश्य: पुन्हा घर. जपमाळ संपलेली.]

शेवटचं 'आमेन' झालं. आता लहानांनी मोठ्यांकडे जायचं. धाकटी आधी आजीकडे, मग वडिलांकडे, मग आईकडे. प्रत्येकजण तिच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढतो. नातू एकवीस वर्षांचा आहे, मिशा आहेत, तोही वाकतो. कॅमेरा असल्यामुळे जरा लाजला.

मेणबत्ती फुंकली. चटई गुंडाळली. टीव्ही लागला, पण आवाज बारीक.

[दृश्य: स्वयंपाकघर. परात, तांदळाचं पीठ.]

मावशी भाकरी थापायला बसल्या. बसण्याआधी अंगठी काढून पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवली. दहा उंचवट्यांपैकी दोघांच्या मध्ये कालचं पीठ अजून अडकलेलं आहे. शेजारी मोबाईल. नातवानं येता येता तो उचलला, चारचा गजर लावला आणि परत अंगठीशेजारी ठेवला.

[भाकरी थापण्याचा आवाज. त्याच्यावरच नामावली.]