पिक्चर बोअर होता, की संवादच ऐकू आले नाहीत?

शो सुटल्यावर मी दाराशी उभा राहून लोक काय बोलतात ते ऐकत असतो. इंडिपेंडंट, म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या पाठबळाशिवाय केलेला पिक्चर असला की एक वाक्य ठरलेलं, "चांगला असेल हो, पण डोक्यावरून गेला". आणि आपण छोट्या हॉलमध्ये असे शो लावणारी आयोजक मंडळी लगेच म्हणून मोकळे, की लोकांना आवडच नाही. मला हे अजिबात पटत नाही. कित्येकदा दोष पिक्चरचाही नसतो आणि लोकांचाही नसतो, आपल्या हॉलचा असतो.

आवाजाचंच घ्या. पिक्चर ५.१ मध्ये मिक्स केलेला असतो, म्हणजे सहा वेगवेगळे चॅनल, आणि माणसांचं बोलणं मुख्यतः मधल्या सेंटर चॅनलवर. आता छोट्या हॉलमध्ये डावा-उजवा असे दोनच स्पीकर आणि डाउनमिक्स करायचं, म्हणजे सहाही चॅनल त्या दोनांत मिसळायचं, कोणाच्या लक्षातच नाही, मग काय होतं, पाऊस धो धो ऐकू येतो, दार करकरतं, म्युझिक येतं आणि नायिका नुसते ओठ हलवतेय! मोठ्या स्टारचा पिक्चर असता तर लोकांनी शिट्ट्या मारून ऑपरेटरला उठवलं असतं. इथे मात्र सगळे गप्प, कारण त्यांना वाटतं दिग्दर्शकाला असंच दाखवायचं असेल.

सबटायटलचंही तेच. सपाट जमिनीवर खुर्च्या मांडल्या की पडद्याची खालची पट्टी पुढच्या डोक्यांआड जाते, आणि परक्या भाषेतला पिक्चर असेल तर गेलाच की सगळा. पडदा वर घ्या, खुर्च्यांची एकाआड एक रांग थोडी बाजूला सरकवून लावा आणि शेवटच्या रांगेत स्वतः बसून वाचून बघा, पुढे माणसं बसवून हं, रिकाम्या हॉलमध्ये सगळंच छान दिसतं.

पिक्चर डीसीपीवर, म्हणजे थिएटरसाठीच्या डिजिटल कॉपीवर येणार असेल तर ती लॉक केलेली आहे का ते आधी विचारा. असेल तर केडीएम, म्हणजे तिची डिजिटल चावी, ठरलेल्या सर्व्हरवर, म्हणजे पिक्चर चालवणाऱ्या मशीनवर, आणि ठरलेल्या वेळेतच चालते. शो सातला आणि चावीही सातलाच उघडणार असेल तर टेस्ट कधी करणार? आदल्या दिवसापासूनची मागून घ्या, देतात. आणि हो, घरचं सबस्क्रिप्शन लावून हॉलमध्ये पिक्चर दाखवायचा नसतो, ते घरापुरतंच असतं. प्रदर्शनाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. छोट्या पिक्चरचा निर्माता बऱ्याचदा थेट भेटतो, त्याला लेखी विचारा, मानधन ठरवा, फुकट मागू नका राव.

सुरुवातीला "जरा स्लो आहे, सांभाळून घ्या" ही प्रस्तावना तर बंदच करा, लोक मग घड्याळ बघायलाच बसतात. नंतरच्या चर्चेत "यातून काय संदेश मिळाला" हेही नको, शाळेचा तास वाटतो. कुठला सीन अजून डोळ्यांसमोर आहे एवढंच विचारा आणि माइक मागच्या रांगेपासून फिरवा, पुढचे तसेही बोलतातच.