किनाऱ्यावरची साक्ष

(पहाट. वसईचं पाचूबंदर. होड्या किनाऱ्याला लागताहेत.)

होडी किनाऱ्याला लागली की पाचूबंदरला आधी मासळी उतरते, मग निवडानिवड, मग मोजदाद. कुणाच्या वाट्याला किती, हे ठरल्याशिवाय कुणी घरी जात नाही. एखादी बाई क्रूसापाशी क्षणभर थांबते, कपाळाला बोटं लावते आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजाराची वाट धरते.

येशूच्या जीवनाची चार पुस्तकं, म्हणजे शुभवर्तमानं, बायबलमध्ये आहेत. त्यातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात अशीच एक पहाट आहे, येशूला क्रूसावर देऊन पुरल्यानंतरची. गालीलच्या सरोवरावर त्याचे सात शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हातांनी परततात. किनाऱ्यावर कुणीतरी उभं असतं. ते सांगतं, होडीच्या उजव्या बाजूला जाळं टाका. जाळ्यात मासे येतात १५३. या आकड्याचे गूढ अर्थ लावण्यात विद्वानांनी शतकं घालवली. आमच्याकडच्या कोळ्याला विचारलं तर तो म्हणेल, मासे आले म्हणून मोजले. मलाही हा आकडा आठवणीत राहून गेलेला वाटतो. गोष्ट रचणाऱ्याचं काम ‘पुष्कळ मासे’ एवढ्यावर भागलं असतं.

कॉलेजात असताना एका मित्राने मला थेट विचारलं होतं, “मेलेला माणूस उठत नाही, हे तुलाही माहीत आहे. मग दर ईस्टरला तुम्ही काय साजरं करता?” प्रश्न प्रामाणिक होता. त्याला तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देतो.

मेलेला माणूस उठत नाही, हे पहिल्या शतकातल्या यहुदी माणसालाही पक्कं ठाऊक होतं. प्रेताला स्नान घालणं, गुंडाळणं, कबरीत ठेवणं, हे सगळं तो स्वतःच्या हातांनी करत होता. म्हणूनच ‘कबर रिकामी आहे, येशू उठला’ हे कबरीवरून धावत आलेल्या बायकांचं बोलणं प्रेषितांना, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांना, वायफळ वाटलं. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने ते तसंच लिहून ठेवलं आहे. सर्वात आधी शंका घेतली ती येशूच्याच माणसांनी.

(गावातली दफनभूमी. ताजी फुलं, मेणबत्त्या.)

आपल्याकडे आणखी एक गल्लत होते. पुनरुत्थान आणि पुनर्जन्म हे शब्द शेजारी राहतात, पण त्यांचं नातं नाही. आत्मा अमर आहे, असं शिष्य म्हणाले असते तर कुणाला धक्का बसला नसता. ते म्हणाले, ज्याला खिळे ठोकले तोच, त्याच देहाने, जखमांच्या खुणांसकट आमच्यासमोर उभा राहिला आणि आमच्या हातचा भाजलेला मासा त्याने खाल्ला.

ही दंतकथा शे-दोनशे वर्षांत हळूहळू वाढली, असं पुष्कळांना वाटतं. तारखा पाहू. येशूला क्रूसावर दिलं ते इ. स. ३० किंवा ३३ मध्ये. पौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा, मग स्वतःच ख्रिस्ती झाला. त्याने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, पहिलं पत्र लिहिलं ते ५५ च्या आसपास. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं. आणि मग पाठ केलेल्या ओळींसारखी यादी देतो. ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला म्हणजे येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याला दिसला, बारा जणांना दिसला. हे सूत्र क्रूसानंतरच्या अगदी पहिल्या काही वर्षांतलं असावं, हे श्रद्धा नसलेले अभ्यासकसुद्धा मान्य करतात. पौलाला ते कुठे मिळालं असेल? गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो की मन बदलल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. पंधरा दिवस ते दोघे हवापाण्याच्या गप्पा मारत बसले असतील, असं मला वाटत नाही.

त्याच यादीत पाचशेहून अधिक बांधवांचा उल्लेख येतो. त्यातले बहुतेक अजून हयात आहेत, असं पौल लिहितो. याचा सरळ अर्थ, जा आणि त्यांना विचारा.

आता त्या बायका. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर आधी पाहणाऱ्या स्त्रिया आहेत आणि चारही ठिकाणी येशूची शिष्या मग्दालिया मरिया आहे. त्या काळच्या समाजात बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्माचा टीकाकार केल्सस याने यावरूनच ख्रिस्ती लोकांची टर उडवली. गोष्ट बनवायची असती, तर पेत्राला किंवा येशूला पुरणाऱ्या अरिमथाईकर योसेफाला आधी कबरीवर पाठवलं असतं. बायकांचं नाव राहिलं, कारण तिथे बायकाच गेल्या होत्या. मला हा मुद्दा सगळ्यात जवळचा वाटतो. आमच्या गावातही कुणी गेलं की कबरीवर फुलं घेऊन आधी जाते ती बाईच.

‘येशू क्रूसावर मेलाच नाही, पुढे काश्मीरला आला,’ असं आपल्याकडे हमखास ऐकू येतं. श्रीनगरच्या खानयारमधली रोझाबल ही कबर त्याची आहे, हा दावा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडला. घटनेनंतर अठराशेहून अधिक वर्षांनी. फटके खाल्लेला, खिळे ठोकलेला, कुशीत भाला खुपसलेला माणूस कसाबसा वाचला असता, तरी त्याला पाहून कुणी ‘मृत्यूवर विजय’ म्हटलं नसतं. वैद्याला बोलावलं असतं. क्रूसावरच्या माणसाला कबरच मिळत नसे, या आक्षेपालाही उत्तर आहे. १९६८ मध्ये यरुशलेमजवळ अस्थिपेटीत एका माणसाच्या टाचेचं हाड सापडलं. त्यात खिळा तसाच होता. त्याला कुटुंबाने रीतसर पुरलं होतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप भासाचा आहे. दुःखात माणसाला गेलेलं माणूस दिसतं. हे खरं आहे, आणि यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या शेजारच्या आजीला आजोबा गेल्यावर कित्येक महिने ओटीवर त्यांचा खोकला ऐकू यायचा. पण म्हणून आजी ‘कबर रिकामी आहे’ म्हणाल्या नाहीत. दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की त्या कबरीवर मेणबत्ती लावत होत्या. शिवाय पौल कुठल्या दुःखात होता? तो तर ख्रिस्ती लोकांना पकडत फिरत होता. आणि याकोब? भाऊ जिवंत असताना त्याच्यावर विश्वास न ठेवणारा हा माणूस पुढे यरुशलेमच्या मंडळीचा आधार झाला. ६२ च्या सुमारास त्याला दगडांनी मारलं गेलं. हे यहुदी इतिहासकार जोसिफसने लिहिलं आहे.

(वसईचा किल्ला. संत गोन्सालो गार्सिया यांचं चर्च.)

याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मेले. १८६२ मध्ये ते संत म्हणून जाहीर झाले. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे; पण त्यांच्या बलिदानाने पुनरुत्थान सिद्ध होतं, असं मी म्हणणार नाही. ऐकलेल्या श्रद्धेसाठी प्राण देणारे सगळ्या धर्मांत आहेत. पेत्रानेही प्राण दिले, पण त्याची गोष्ट वेगळी. आपण पाहिलं की नाही, हे त्याला स्वतःला माहीत होतं. खोटं असतं, तर तो ते खोटं आहे हे माहीत असूनच मेला असता.

अडचणी आहेत, त्या लपवायच्या कशाला? कबरीवर बायका किती गेल्या, देवदूत एक की दोन, यावर शुभवर्तमानं जुळत नाहीत. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वात जुन्या प्रती तर बायका घाबरून पळाल्या, इथेच थांबतात. मला या विसंगतीत न ठरवलेली साक्ष दिसते. होडी बुडाल्याची हकिगत चार खलाशी सांगतात, तेव्हा चौघांचं तपशिलात जमत नाही. होडी बुडाली यावर मात्र चौघे ठाम असतात.

मित्र आज म्हणेल, एवढ्याने सिद्ध होत नाही. गणितासारखं नाहीच होत. पण भास म्हणावा तर कबर राहते, शिष्यांनी देह चोरला म्हणावं तर पौल राहतो, दंतकथा म्हणावी तर तारखा आड येतात. हे सगळं एकदम सांभाळणारं दुसरं स्पष्टीकरण त्याने मला द्यावं, मी बसून ऐकेन.

(पुन्हा पाचूबंदर. ऊन चढलं आहे. वाळूत विस्तवावर मासे भाजताहेत.)

योहानाच्या त्या पहाटेही किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटलेला होता. तसाच विस्तव येशूला पकडलं त्या रात्री यहुदी महायाजकाच्या अंगणात होता, जिथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं होतं. दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीक शब्द एकच आहे. पेत्राने पाण्यात उडी टाकली, किनारा गाठला. विस्तवावर मासळी होती, भाकर होती. येशूने त्या रात्रीचा विषय काढला नाही. आधी म्हणाला, “या, न्याहारी करा.”